रोग, संसर्ग आणि व्याधिक्षमत्व
(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यान)

हैदराबाद नगरीच्या जन्मकथेतच रोगाचे नाव आहे. चारमिनारची उभारणी १५९१ साली झाली, आणि शहरातील एक भयंकर साथ ओसरल्याबद्दल कृतज्ञता म्हणून मुहम्मद कुली कुतुबशहाने ही वास्तू उभी केली, अशी लोकपरंपरा सांगते. इतिहासकारांचे या कथेविषयी एकमत नाही. तथापि एखादी नगरी आपल्या सर्वांत देखण्या वास्तूची आठवण विजयाशी न जोडता रोगमुक्तीशी जोडते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पुढे १९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हजारो माणसे बळी घेतली. १९११ साली प्लेगने शहर हवालदिल केले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन होऊन कोंदट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम सुरू झाले. आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर तलाव पुरा झाला. नल्लाकुंट्याच्या ज्वर-रुग्णालयाला जुने लोक ‘कोरंटी दवाखाना’ म्हणत. हा ‘कोरंटी’ शब्द म्हणजे साथीच्या रोग्याला वेगळे ठेवण्याच्या ‘क्वारंटाइन’चेच हैदराबादी रूप होय.

परंतु रोगाच्या इतिहासात या नगरीचे नाव अजरामर झाले ते एका वेगळ्याच कारणाने. सिकंदराबादच्या छावणीजवळ, बेगमपेठेतील एका लहानशा लष्करी इस्पितळात, २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या पोटात काही काळे कण दिसले, आणि हजारो वर्षे माणसाला छळणाऱ्या हिवतापाचे कोडे सुटू लागले. त्या कणांचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी आधी रोग म्हणजे काय, संसर्ग म्हणजे काय आणि देहाची प्रतिकारशक्ती म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे.

‘रोग’ हा शब्द मोडणे, पीडा देणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. समर्थ रामदासस्वामींनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन तापांचे निरूपण केले आहे. देहाच्या आतून उठणाऱ्या नाना व्याधी त्यांनी आध्यात्मिक तापात घातल्या, तर डास-माश्यांचे दंश, काटे, सर्प इत्यादी बाहेरच्या भूतमात्रांपासून होणारी पीडा आधिभौतिक तापात. समर्थांची ही विभागणी अनुभवाला धरूनच आहे. अंगात ज्वर चढतो तो आतून चढल्यासारखा वाटतो, आणि डास चावतो तो बाहेरून चावतो. पहिल्या सदरातील ज्वर हा दुसऱ्या सदरातील दंशाचाच परिणाम असू शकेल, अशी शंका फार थोड्यांना आली. बेगमपेठेतील शोधाने ही दोन सदरे एकमेकांना जोडली.

रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, हे मात्र आपल्या पूर्वजांना अज्ञात नव्हते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात निकट सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, एकत्र भोजन, एका शय्येवर निजणे, दुसऱ्याची वस्त्रे आणि माला वापरणे, अशा कारणांनी कुष्ठ, ज्वर, शोष आणि नेत्राभिष्यंद हे रोग माणसामाणसांत संक्रांत होतात, असे स्पष्ट म्हटले आहे. अशा रोगांना तेथे ‘औपसर्गिक’ ही संज्ञा आहे. जे संक्रांत होते ते काय, हे पाहण्याचे साधन मात्र त्या काळी नव्हते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी सूक्ष्म जंतूंचे कर्तृत्व सिद्ध केले. कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, आणि १८८३-८४ साली इजिप्त व कलकत्ता येथे पटकीच्या जंतूचा अभ्यास केला.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा लागतो, कारण त्याच्या अभावी सुशिक्षितांचीही गफलत होते. संसर्ग म्हणजे जंतूचा देहात प्रवेश आणि तेथे त्याची वाढ. रोग म्हणजे त्यामुळे किंवा अन्य कारणाने देहाच्या व्यापारात पडलेला बिघाड. मधुमेह, सांधेदुखी, बहुतेक हृद्रोग हे रोग आहेत, पण त्यांत संसर्ग नाही. रोग्याच्या पंगतीला बसल्याने ते कोणाला जडत नाहीत. उलट, संसर्ग आहे पण रोग नाही, अशीही माणसे असंख्य आहेत. जगातील सुमारे एक-चतुर्थांश माणसांच्या देहात क्षयाचा जंतू कधी ना कधी शिरलेला असतो असे मानतात. परंतु त्यांपैकी शंभरात पाच ते दहा जणांनाच आयुष्यात प्रत्यक्ष क्षय होतो. बाकीच्यांच्या देहात जंतू जणू नजरकैदेत राहतो. शिवाय आतड्यांत वस्ती करून असलेले अब्जावधी जंतू अन्नपचनाला साहाय्यच करतात. सबब जंतू म्हणजे शत्रू, हे समीकरण बरोबर नाही.

संसर्ग आहे पण रोग दिसत नाही, ही अवस्था इतरांसाठी कधीकधी फार घातक ठरते. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. ती धडधाकट दिसे. पण ती ज्या ज्या घरी कामाला राहिली त्यांपैकी अनेक घरांत विषमज्वर उद्भवला. १९०७ साली तिच्या देहात त्या रोगाचे जंतू सापडले. तिला वेगळे ठेवले, १९१० साली स्वयंपाक न करण्याच्या वचनावर सोडले. तिने नाव बदलून पुन्हा तेच काम धरले, आणि १९१५ साली एका रुग्णालयात पुन्हा साथ झाली. त्यानंतर १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ती एकान्तवासातच राहिली. आपण रोगी आहोत हे त्या बाईला अखेरपर्यंत पटले नाही, आणि तिच्या बाजूने पाहिले तर ते स्वाभाविकच होते. ज्या मठांतून उत्सवाच्या दिवशी हजारो पाने उठतात, तेथील पाकशाळेत हात धुण्याचा आग्रह का धरावा, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

‘विषमज्वर’ या शब्दाची एक गंमत आहे. जुन्या वैद्यकात अधूनमधून उतरणारा आणि ठरावीक अंतराने उलटणारा तो विषमज्वर. त्याचे तृतीयक, चतुर्थक असे भेद सांगितले आहेत, आणि ते वर्णन हिवतापाला चपखल बसते. मराठीत मात्र पुढे विषमज्वर हे नाव टायफॉइडला मिळाले, आणि थंडी वाजून येणाऱ्या त्या तापाला लोकांनी हिवताप म्हटले. युरोपात त्याला मलेरिया म्हणत. या इटालियन शब्दाचा अर्थ दूषित हवा. दलदलीतून उठणारी कुंद हवा फुफ्फुसात गेली की हा ताप येतो, अशी समजूत होती. दलदल आणि ताप यांचा संबंध लोकांनी बरोबर हेरला होता. मधला दुवा तेवढा हाती लागला नव्हता.

तो दुवा शोधणारा रोनाल्ड रॉस हा १८५७ साली अल्मोडा येथे जन्मलेला, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील एक डॉक्टर. कविता आणि गणित यांत त्याचे मन अधिक रमे, आणि वैद्यकाकडे तो वडिलांच्या आग्रहाने वळला होता. अल्फोन्स लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने १८८० साली अल्जीरियात हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात एक सूक्ष्म जीव पाहिला होता. तो रक्तात येतो कोठून, हे मात्र गूढच होते. लंडनचे पॅट्रिक मॅन्सन यांना डासाचा संशय होता, आणि १८९५ साली सिकंदराबादेस रुजू होताना रॉस तो संशय मनात घेऊनच आला. योगायोग असा की, याच सिकंदराबादेत मेहबूब कॉलेजमध्ये १३ फेब्रुवारी १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांचे, पाश्चात्त्य देशांत जाण्याच्या आपल्या हेतूविषयी, व्याख्यान झाले होते. शिकागोला निघण्यापूर्वीचे ते त्यांचे एक महत्त्वाचे जाहीर भाषण.

दोन वर्षे रॉसने डासांमागून डास चिरले आणि त्याला काही गवसले नाही. कारण साधे होते: तो ज्या जातींचे डास तपासत होता त्या जातींत हिवतापाचा जीव वाढतच नाही. १८९७ च्या ऑगस्टात त्याच्या हाती पंखांवर ठिपके असलेले, तपकिरी रंगाचे वेगळे डास आले. ते अळ्यांपासून वाढवलेले होते, म्हणजे त्यांनी यापूर्वी कोणाचेही रक्त प्यालेले नव्हते. प्रयोगाची सारी मजबुती या एका गोष्टीत आहे. १६ ऑगस्टला हे डास हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला चावू दिले. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे हुसेन खानाला एक आणा मिळे. त्यानंतर रोज एकदोन डास चिरून पाहायचे, असा क्रम ठेवला. दिवस उकाड्याचे होते. पंखा ओढला तर चिरलेला डास उडून जाई, म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि भिंगाला तडा गेलेला होता. चौथ्या दिवशी, २० ऑगस्टला, डासाच्या जठराच्या भिंतीत काही गोल पेशी दिसल्या, आणि त्यांत काळे कण. हिवतापाच्या जीवाखेरीज असे कण अन्यत्र आढळत नसत. दुसऱ्या दिवशी उरलेला डास चिरला, तेव्हा त्या पेशी अधिक मोठ्या झालेल्या आढळल्या. म्हणजे हा जीव डासाच्या पोटात केवळ जाऊन पडत नाही, तर तेथे वाढतो.

पाठ्यपुस्तकांत रॉसचे नाव येते, हुसेन खानाचे क्वचितच येते. अंगात थंडी भरलेली असताना त्याने आपला हात डासांपुढे धरला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते. त्याचे पुढे काय झाले, बरा होऊन तो कोठे गेला, याची कोणी नोंद ठेवली नाही. ठेवावी असे तेव्हा वाटलेही नसावे.

शोध लागला आणि महिन्याभरात रॉसची बदली राजपुतान्यातील खेरवाड्यास झाली. तेथे हिवतापाचे रोगी फारसे नव्हते. सरकारी खात्याची ही रीत पाहून आजच्या वाचकालाही आश्चर्य वाटू नये. १८९८ च्या आरंभी त्याला कलकत्त्यास पाठवले, आणि तेथे एक निराळाच अडथळा उभा राहिला. त्या वर्षी कलकत्त्यात प्लेगची धास्ती पसरली होती. सरकार बळजबरीने सुई टोचते, सुईनेच माणसे मरतात, अशा वावड्या उठल्या, दंगे झाले, आणि तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब द्यायलाही कोणी तयार होईना. तेव्हा रॉसने माणसांचा नाद सोडून पक्ष्यांना होणाऱ्या हिवतापाकडे मोर्चा वळवला. महंमद बक्ष हा त्याचा साहाय्यक होता. जुलै १८९८ मध्ये त्यांना दिसले की, डासाच्या जठरात वाढलेला जीव शेवटी त्याच्या लाळग्रंथींत जाऊन बसतो, आणि दंशाच्या वेळी लाळेबरोबर निरोगी पक्ष्याच्या रक्तात शिरतो. वर्तुळ पुरे झाले. त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफेलीस जातीच्या डासामार्फत पसरतो हे सिद्ध केले. १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले. श्रेय कोणाचे, यावरून ग्रासींशी त्याचा जो वाद झाला तो अखेरपर्यंत मिटला नाही. असो.

कलकत्त्याची ती धास्ती मात्र इतक्यावर सोडून देता येत नाही. महाराष्ट्राने तिची झळ आधीच सोसली होती. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला आणि पुण्यास पोहोचला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून देवघरापर्यंत झडत्या घेतल्या. त्या अपमानाचा सूड म्हणून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात, त्याच साली, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा देह पडला. एकाच रोगाशी वागण्याच्या या दोन तऱ्हा. शास्त्र दोघांच्या वेळी सारखेच अपुरे होते. प्लेगचा जंतू १८९४ साली ओळखता आला होता, पण उंदरावरील पिसवांमार्फत तो माणसात येतो हे अजून सर्वमान्य झाले नव्हते.

१८९८ साली कलकत्त्यात स्वामी विवेकानंदांनी प्लेगविषयी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. भयाने गाव सोडून पळू नये, अफवांवर विश्वास ठेवू नये, घर व अन्न स्वच्छ ठेवावे, आणि ज्यांना कोणी नाही त्यांची सेवा संन्यासी करतील, असा त्याचा आशय होता. पैसा कमी पडला तर नुकतीच घेतलेली मठाची जागाही विकू, असे स्वामीजी म्हणाल्याचे त्यांच्या चरित्रांत आहे. पुढच्या वर्षी भगिनी निवेदिता आणि स्वामी सदानंद यांनी कलकत्त्याच्या गल्ल्या झाडून काढण्याचे काम उभारले, आणि निवेदिता स्वतः झाडू घेऊन रस्त्यावर उतरल्या. रोग हे पूर्वकर्माचे फळ असेल तर त्यात आपण हात का घालावा, असा प्रश्न भाविकांच्या मनात पुष्कळदा उभा राहतो. या मंडळींनी त्या प्रश्नावर चर्चा फारशी केली नाही. दुसऱ्याचे कर्म तपासण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही, इतकेच त्यांच्या आचरणावरून म्हणता येते. कुष्ठरोग्यांना, क्षयरोग्यांना, आणि २०२० सालच्या करोनात त्या रोगाने गेलेल्यांच्या घरच्यांनाही, समाजाने जी वागणूक दिली तिच्यामागे पुष्कळदा ही अधिकाराची घाईच दिसते.

आता देहाच्या संरक्षणाकडे वळू. चरकसंहितेत ‘व्याधिक्षमत्व’ हा सुंदर शब्द आला आहे. सर्वच देह रोगाचा प्रतिकार करण्यास सारखे समर्थ नसतात, असे तेथे म्हटले आहे; आणि रोगाच्या बलाला विरोध करणे व रोग उत्पन्नच होऊ न देणे, अशी दुहेरी व्याख्या चक्रपाणिदत्ताने आपल्या टीकेत केली आहे. आधुनिक शास्त्रानेही ही दोन्ही अंगे मान्य केली आहेत.

पहिले रक्षण जन्मजात असते. अखंड त्वचा, नाकातील व घशातील चिकट स्राव, अश्रू, जठरातील तीव्र आम्ल, यांना कोणता जंतू आला आहे याची ओळख पटवावी लागत नाही. जो येईल त्याला ते अडवतात. त्यातून निसटून जे आत येतात त्यांना रक्तातील काही पांढऱ्या पेशी गिळून टाकतात. हे गिळण्याचे कार्य रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी १८८२ साली सिसिलीत, ताऱ्याच्या आकाराच्या समुद्रमाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून, प्रथम न्याहाळले. जखमेभोवती येणारी सूज आणि अंगात येणारा ताप हेदेखील बऱ्याच अंशी देहाचेच उपाय होत. ताप ही देहाची हार नव्हे. लढाई चालू असल्याची ती खूण आहे. अर्थात तो फार चढला तर उतरवावा लागतोच.

दुसरे रक्षण मिळवावे लागते, आणि त्याची रीत थक्क करणारी आहे. रक्तात आणि अवधानांच्या गाठींत अशा अब्जावधी पेशी असतात की, प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या घडणीचा एक साचा असतो. कोणता जंतू येणार हे देहाला ठाऊक नसते. म्हणून तो आधीच असंख्य साचे तयार करून ठेवतो. जंतू आला की त्याच्याशी ज्यांचा साचा जुळतो त्याच पेशी भराभर वाढू लागतात. त्यांतील काही प्रतिपिंडे नावाचे पदार्थ रक्तात सोडतात आणि ते जंतूला जाऊन चिकटतात. दुसऱ्या काही, जंतूने घेरलेल्या देहपेशींचाच नाश करतात. हे सारे प्रथमच घडत असेल तर त्याला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत माणूस आजारी पडतो. लढाई संपली की बहुतेक पेशी नष्ट होतात, पण काही मागे राहतात आणि वर्षानुवर्षे ओळख धरून असतात. तोच जंतू पुन्हा आला तर आठवडा लागत नाही. एकदा गोवर निघालेल्या मुलाला सहसा पुन्हा तो निघत नाही, याचे कारण हेच.

लस म्हणजे रोग न होऊ देता ही ओळख करून देण्याची युक्ती. इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गाईच्या सौम्य देवीचा उपयोग करून माणसाच्या देवीपासून रक्षण मिळते हे दाखवले. आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली. तिच्या दंडावरील फोडातील द्रव घेऊन पुढे इतरांना टोचले, आणि हाताहाताने लस देशभर गेली. मराठीत लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणू लागले. या वाक्प्रयोगाकडे नीट पाहावे. ज्या रोगाला लोकांनी शीतलादेवीचा कोप मानून हात जोडले, त्याचेच नाव त्यांनी रोगावरील उपायाला बहाल केले. देवीशी वैर न धरता लस घरात आली. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात आढळला, आणि ८ मे १९८० रोजी जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य परिषदेने जाहीर केले. शीतलासप्तमीचे व्रत आजही पाळले जाते.

प्लेगवरील लस वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत तयार केली. जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे, आणि मेलेले जंतू टोचायचे, अशी ती रीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्रथम स्वतःलाच ती टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मरण पावले, आणि दोष हाफकिन यांच्या माथी आला. पुढे कुपी उघडताना झालेली हेळसांड हेच कारण अधिक संभवनीय ठरले, आणि १९०७ साली ज्यांनी लंडनच्या वृत्तपत्रात त्यांची बाजू हिरिरीने मांडली त्यांत रोनाल्ड रॉस अग्रभागी होते. मृत जंतू टोचण्याची हीच रीत सव्वाशे वर्षांनी हैदराबादेस पुन्हा उपयोगी पडली: पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा काढलेला करोनाचा विषाणू निष्प्रभ करून येथील भारत बायोटेक कंपनीने कोव्हॅक्सिन लस बनवली, आणि ३ जानेवारी २०२१ रोजी तिच्या आपत्कालीन वापराला मान्यता मिळाली.

व्याधिक्षमत्वाची शक्ती आंधळीही होऊ शकते. परागकण किंवा शेंगदाणा यांसारख्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून ती खवळते, तेव्हा वावडे उत्पन्न होते. स्वतःच्याच सांध्यांवर किंवा ग्रंथींवर ती उलटते तेव्हा निराळेच रोग होतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती जागोजागी दिसतात, त्या वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे.

मग हिवतापावर लस इतकी वर्षे का मिळाली नाही? कारण हा जीव जंतूंच्या मानाने फार कावेबाज आहे. डासाच्या लाळेतून आल्यावर तो अर्ध्या-पाऊण तासात यकृतात दडतो. तेथे आठवडाभर वाढून रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशींच्या पोटात शिरतो. त्यांतील सर्वांत मारक जात तांबड्या पेशीच्या पृष्ठावर जी प्रथिने मांडते ती ती वरचेवर बदलते, आणि या बदलासाठी तिच्यापाशी सुमारे ६० जनुकांचा संच असतो. प्रतिपिंडे एका वेषाची ओळख पटवतात, तोवर तिने दुसरा वेष घेतलेला असतो. म्हणून हिवताप माणसाला पुन्हा पुन्हा येतो. जेथे तो सदाचाच आहे तेथील प्रौढांना अनेक आजारांनंतर अर्धवट संरक्षण मिळते, आणि गाव सोडून काही वर्षे दूर राहिले की तेही ओसरते. लहान मुलांपाशी ते नसतेच. २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मेली. त्यांत आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालके बहुसंख्य होती.

या रोगाने माणसाच्या रक्तावरही आपला ठसा उमटवला आहे. आदिलाबाद, गडचिरोली, नंदुरबार येथील आदिवासी समाजांत सिकलसेल नावाचा रक्तदोष पुष्कळांत आढळतो. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच तो आला, तर त्या मुलाचे प्राणघातक हिवतापापासून बरेच रक्षण होते. दोघांकडूनही आला, तर आयुष्यभराचा वेदनामय रोग पदरी पडतो. पिढ्यान्पिढ्या हिवतापाने ज्यांना वाचू दिले त्यांच्या रक्तात हा दोष टिकून राहिला. एका घरातील एका लेकराचे संरक्षण आणि त्याच्याच भावंडाची यातना एकाच मुळातून निघावी, हा निसर्गाचा व्यवहार फार कठोर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापावरील पहिली लस २०२१ साली आणि दुसरी २०२३ साली मुलांसाठी शिफारस केली. दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने सिद्ध केली आणि ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. देवीच्या लशीइतके पक्के संरक्षण या लशींनी मिळत नाही. त्यांचा मुख्य उपयोग आफ्रिकेतील बालकांना आहे. भारतात अजून खरा भर डासांवरच आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घरोघर डी.डी.टी. फवारले गेले, आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास आली. रोग संपलाच असे समजून हात सैल पडले. डास औषधाला सरावले. १९७६ साली रोग्यांचा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला.

बेगमपेठेतील ती इमारत आज उस्मानिया विद्यापीठाकडे असून तिला रॉसचे नाव आहे, आणि २० ऑगस्ट हा दिवस जगभर डासदिन म्हणून पाळला जातो. हैदराबादसारख्या शहरात हिवतापाचा डास विहिरीत आणि गच्चीवरील उघड्या टाकीत अंडी घालतो. डेंग्यूचा डास त्याहूनही कमी पाण्यात भागवतो. कूलर, कुंडीखालची थाळी, टाकून दिलेला टायर, तुळशीवृंदावनाच्या कडेला साचलेले ओंजळभर पाणी त्याला पुरते, आणि ते पाणी स्वच्छ असले तरी चालते. अंड्यापासून पंख फुटलेला डास बाहेर पडण्यास उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. महाराष्ट्रात आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावयास सांगते तो याच हिशोबाने: त्या दिवशी घरातील व अंगणातील सर्व भांडी रिकामी करून, कडा घासून, उन्हात पालथी घालायची. घासणे विसरू नये, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात.